देखरेखीच्या सॉफ्टवेअरने किती मेमरी घ्यावी?

प्रश्न: आमच्या कार्यालयात ८ जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्यावर लक्ष ठेवणारा प्रोमिथिअस असे दोन्ही चालतात. प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा वेगळा गट) आहे; असे १२० स्कीमा असून प्रत्येकात सुमारे १५० टेबले आहेत. प्रोमिथिअस ३ जीबीच्या वर जातो. जुनी माहिती ३० ऐवजी ७ दिवसच ठेवून पाहिली, तरी फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात मेमरी संपली आणि लिनक्सने पोस्टग्रेसचीच एक प्रक्रिया मारली. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दिवस कमी केल्याने आपली डिस्क वाचली, मेमरी नाही. जुनी माहिती डिस्कवरच्या ब्लॉकांमध्ये असते. मेमरीत राहतो तो मुख्यतः शेवटच्या दोन-तीन तासांचा भाग, आणि त्याचा आकार ठरतो चालू सिरीजच्या संख्येवरून. मेट्रिक म्हणजे मोजला जाणारा आकडा आणि लेबल म्हणजे तो कशाचा आहे हे सांगणारी चिठ्ठी, जसे टेबलाचे नाव. मेट्रिकचे नाव आणि लेबलांची प्रत्येक वेगळी जुळणी म्हणजे एक सिरीज, आणि अशी प्रत्येक सिरीज साधारणपणे काही केबी घेते.

आता आपलाच हिशेब मांडू. १२० गुणिले १५० म्हणजे १८,००० टेबले. पोस्टग्रेसमधले आकडे प्रोमिथिअसला पुरवणारा प्रोग्राम, म्हणजे पोस्टग्रेस एक्स्पोर्टर, प्रत्येक टेबलामागे वीसेक आकडे देतो, म्हणजे एवढ्यानेच सुमारे ३,६०,००० सिरीज झाल्या. प्रोमिथिअसच्या स्टेटस मेनूतील टीएसडीबी स्टेटस हे पान उघडा. सर्वाधिक सिरीज असलेल्या मेट्रिकांची यादी तिथे दिसते आणि तीत टेबलांची आकडेवारीच वर असेल, असा माझा अंदाज आहे.

टेबलांची आकडेवारी गोळा करणारा एक्स्पोर्टरचा भाग, म्हणजे कलेक्टर, एक्स्पोर्टरमध्येच बंद करणे सर्वांत स्वस्त पडते, पण तसे करू नये असे मला वाटते, कारण मृत ओळींची (बदललेल्या वा पुसलेल्या, पण जागा अडवून बसलेल्या ओळींची) संख्या आणि शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची (त्या ओळींच्या आपोआप होणाऱ्या सफाईची) वेळ हे दोन आकडे टेबल फुगू लागल्याची सूचना वेळेवर देतात. म्हणून हे दोन ठेवून बाकीचे आकडे प्रोमिथिअसच्या सेटिंगमधल्या ‘मेट्रिक रीलेबल’ या नियमाने, साठवण्यापूर्वीच, गाळावेत. मग ३६,००० सिरीज उरतील. नियम लावल्यावर लगेच मेमरी उतरली नाही तर घाबरू नका. जुन्या सिरीज मेमरीतून जायला काही तास लागतात. प्रत्येक क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) आकडेवारी घेणारा कलेक्टर कोणी सुरू केला असेल, तर तोही तपासावा, कारण मूळ सेटिंगप्रमाणे पोस्टग्रेस ५,००० क्वेरींपर्यंत नोंद ठेवतो आणि प्रत्येक क्वेरीचा क्रमांक लेबल होऊन बसतो.

नुसती मेमरीची मर्यादा घालण्याने काम भागणार नाही. मर्यादा ओलांडताच प्रोमिथिअस मारला जाईल, पुन्हा सुरू होताना डिस्कवरचा आपला लॉग (ताज्या नोंदींची वही) वाचून त्याच सिरीज मेमरीत उभ्या करील आणि पुन्हा मरेल.

शेवटची गोष्ट मात्र आजच करा: प्रोमिथिअस दुसऱ्या यंत्रावर हलवा आणि डेटाबेसच्या सर्व्हरवर फक्त एक्स्पोर्टर ठेवा. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी मारली गेली की मुख्य प्रक्रिया उरलेली सगळी कनेक्शने तोडून रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस पुन्हा सुस्थितीत आणण्याचे काम, सुरू करते. त्या दिवशी एकशेवीसही ग्राहकांचे काम एकदम थांबले असणार, ते याच कारणाने.