राहिलेल्या नऊ दिवसांचं काय करायचं?

प्रिय 'मागे पडलेली',

तुमचं पत्र लांब आहे, ते इथे थोडक्यात सांगते. वर्षाच्या पहिल्या तारखेला तुम्ही नेम धरलात : रोज एक फोटो आणि रोज पानभर लिखाण. साडेतीन महिने तो पाळला. मग आईंना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि नऊ दिवस कोरे गेले. घरी आल्यावर एका दुपारी बसून तुम्ही नऊ फोटो काढलेत, प्रत्येकाला मागची तारीख घातलीत, नऊ पानंही भरून टाकलीत. तेव्हापासून कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही. त्याआधीही तीच खिडकी, तोच जिना, तीच झोपलेली मांजर यांचा वीट आलाच होता आणि 'आज विशेष काही नाही' याच्यापुढे पेन सरकत नव्हतं. भाऊ विचारतो, "यातून तुला मिळतं काय?" आणि तुम्ही मला विचारता, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू की सोडून देऊ?

दोन्ही करू नका.

आधी त्या नऊ फोटोंचं बघू. 'मी स्वतःशी खोटं बोलले' असं तुम्ही लिहिलंय. खोटी फक्त तारीख आहे, फोटो खरेच आहेत. तेव्हा फोटो पुसू नका, तारखा दुरुस्त करा. एका दुपारी, एकाच घरात, दमलेल्या माणसाने काढलेले नऊ फोटो अशी त्यांची खरी ओळख आहे आणि मला तरी ती बनावट तारखांपेक्षा जास्त रंजक वाटते. भरून काढलेल्या पानांवरही खरी तारीख टाका. आणि वहीत त्या नऊ दिवसांपुढे एकेक ओळ लिहा : 'नाही. आई दवाखान्यात.' बास.

तेहचिंग शिए नावाचा तैवानमध्ये जन्मलेला कलाकार आहे. ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत दर तासाला, रात्रंदिवस, कारखान्यात असतं तसल्या हजेरीच्या घड्याळात कार्ड घातलं आणि प्रत्येक वेळी स्वतःची एक फ्रेम टिपली. सुरुवातीला डोकं तुळतुळीत केलं होतं, म्हणजे वाढणाऱ्या केसांवरून दिवस दिसावेत. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले १३३ चुकले. त्या १३३ चुकांचा त्याने तक्ताच केला : ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाईत वेळेआधीच कार्ड घातलं. तो तक्ता कलाकृतीचाच भाग आहे. त्याने कार्डं मागाहून भरली असती, तर आपल्याला एक यंत्र दिसलं असतं. झोप अनावर झालेला माणूस त्या ९४ जागांमुळे दिसतो. तुमचे नऊ कोरे दिवस वहीत राहू द्या म्हणते ते यासाठी.

'एकदा साखळी तुटली की संपलं' ही समजूतही काढून टाका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि रोजची नोंद तपासली. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि आपण उठल्यासुटल्या ऐकतो ते 'एकवीस दिवस'? त्यांच्या हिशेबात सरासरी ६६ दिवस निघाली, माणसामाणसांत अंतर १८ पासून २५४ पर्यंत. नऊ दिवसांचा खंड एका दिवसापेक्षा मोठा, हे कबूल. पण साडेतीन महिन्यांचं काम त्याने पुसलं जात नाही, म्हणून पुन्हा एकपासून मोजणं मला मान्य नाही.

आता पत्रात तुम्ही कंसात टाकलेलं एक वाक्य, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. '(दवाखान्यात मोबाइल खिशातच होता, तरी आईचा फोटो काढावासा वाटला नाही. म्हणजे माझी आवड खरी नाही का?)'

आवड खरी आहे की नाही, ते यावरून ठरत नाही. आजारी माणूस बघत नसताना, नको म्हणण्याचं त्राण त्याच्यात नसताना कॅमेरा बाहेर न काढणं, हा फोटो काढणाऱ्या माणसाचाच निर्णय आहे आणि तो तुम्ही नीट घेतलात. अशा वेळी काढलेले चांगले फोटो जगात आहेत, नाही असं नाही. पण त्यामागे बहुतेकदा आधीचं बोलणं असतं, होकार असतो, वर्षानुवर्षांची सवय असते. तुमच्याकडे त्यातलं काही नव्हतं, फक्त 'आजचा फोटो राहिलाय' ही टोचणी होती. त्या टोचणीपायी आईवर मोबाइल रोखला नाहीत, बरं झालं. आता त्या घरी आल्या आहेत, हळूहळू चालू लागल्या आहेत. त्यांना विचारा. हो म्हणाल्या तर काढा, त्यांनाच दाखवा, नको असेल तो पुसा. आणि त्या नऊ दिवसांतलं काही आठवत असेल, खोलीतला उजेड, रात्रपाळीच्या नर्सचा आवाज, आईंनी विचारलेला एखादा विचित्र प्रश्न, तर ते लिहा. न काढलेल्या फोटोंबद्दल लिहिता येतं, आणि पुष्कळदा ते काढलेल्यांपेक्षा चांगलं लिहिलं जातं.

नेमाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तो तुम्ही पहिल्या तारखेच्या उत्साहात, मोकळ्या दिवसाच्या मापाने शिवलात. फोटोला दोन मिनिटं पुरतात, पानभर लिहायला तास जातो. ही दोन ओझी एकाच काडीला बांधली की जड बाजू हलकीलाही खाली ओढते. नेम सर्वात वाईट दिवसाच्या मापाचा हवा : एक फोटो, तीन ओळी. जास्त सुचलं तर लिहाच, पण त्या जास्तीची उद्यावर उधारी नको.

आणि दोन्ही वेगवेगळं कशाला करता? त्या तीन ओळी फोटोबद्दलच लिहा, पण फोटोत जे दिसतंय ते सोडून. मांजर झोपली आहे हे दिसतंच. त्या वेळी फोन कुणाचा वाजत होता, फ्रेमच्या बाहेर कोण उभं होतं, काय चुकवायला तुम्ही जिन्यात आला होतात, ते लिहा. 'विशेष काही नाही' हे उत्तर 'आज काय झालं?' या प्रश्नाला येतं, तेव्हा प्रश्नच बदला. याला एक आधारही आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात असं दिसलं की, ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा आठवण तशी घटली नाही. कॅमेऱ्यावर सोपवून आपण मोकळे होतो, तिथे नुकसान होतं.

त्याच खिडकीचा वीट आला, म्हणता. योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या प्रागमध्ये उघड्यावर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं, तेव्हा १९४० पासून तो स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत बसला. ते काम युद्ध संपल्यावरही चालू राहिलं, १९५४ पर्यंत. काचेवरचं दव, बर्फ, ओघळ, पलीकडचं वाकडं झाड. तुमच्या खिडकीला जेमतेम साडेतीन महिने झालेत. विषय बदलू नका, एक अट घाला : महिनाभर फक्त काच, किंवा फक्त सकाळी सातच्या आत. अट जितकी अरुंद, तितकं 'आज कशाचा काढू?' यावर डोकं कमी शिणतं.

तुमच्या सबंध पत्रात, काढलेले फोटो तुम्ही परत पाहिलेत असं एकदाही आलेलं नाही. दोन मिनिटांत काढायचा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा, अंगठे मोजायचे, की दिवस सुटला. (ग्रुपवर रोज टाकणं बंद करा. सूचना नाही, आज्ञा समजा.) गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन छायाचित्रकार काढलेले रोल मुद्दाम वर्ष-दोन वर्षं धुवायचा नाही. फोटो काढताना जे वाटलं ते विसरल्याशिवाय तो चांगला की वाईट हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते, तेवढ्या टोकाला जायची गरज नाही. तुम्ही महिन्याने एकदा बसा. तीसातले तीन निवडा. छान आलेले नकोत, ज्यांच्याकडे बघून काहीतरी विचारावंसं वाटतं ते. त्यांच्या शेजारी त्या दिवसाच्या तीन ओळी ठेवा. पुढच्या महिन्याची अट बहुधा तिथेच सापडेल.

भावाला सांगा, काही मिळत नाही. खरंच मिळत नसेल. असले प्रश्न विचारणाऱ्यांना लांबलचक उत्तर दिलं की ते वाद घालतात.

शेवटची तारीख मात्र ठरवा, ३१ डिसेंबर. त्या दिवशी चालू ठेवायचं की थांबायचं हे सगळे फोटो पाहून ठरवा आणि थांबलात तर त्याला हरणं म्हणू नका. ठरल्या दिवशी थांबलेलं काम पुरं झालेलं असतं.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय, मोबाइलवर काढलेला फोटो 'धरायचा' का. धरायचा. फक्त दर महिन्याच्या त्या बैठकीत सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. मोबाइल हरवला तर वर्षभराचं काम जायला नको.

तुमची,
ताई