परीक्षेचा ताण असलेल्या ३० विद्यार्थ्यांना ध्यान शिकवून आधी-नंतर मोजलं, तर तो प्रायोगिक आराखडा की अर्धप्रायोगिक?

दोन्ही नाही.

तुमचा बेत मला समजला तो असा: कॉलेजच्या एकाच वर्षाला असलेल्या १२० जणांकडून ताणाची प्रश्नावली भरून घ्यायची, सगळ्यात जास्त गुण आलेले ३० निवडायचे, त्यांना सहा आठवडे ध्यान शिकवायचं आणि शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गाईड नियंत्रित गट (ज्याला ध्यान शिकवायचं नाही, फक्त तुलनेसाठी मोजायचं असा गट) मागतायत, आणि तुम्ही विचारताय की त्याशिवाय 'अर्धप्रायोगिक' म्हणून निभावेल का. नाही निभावणार. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या अभ्यासकांनी १९६३ मध्ये संशोधनाच्या आराखड्यांची जी वर्गवारी केली, तिच्यात एकाच गटाची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी 'प्रयोगपूर्व' खात्यात बसते. म्हणजे अर्ध्याच्याही अलीकडे.

यात माझं स्वतःचं एकदा चांगलंच हसं झालंय, ते आधी सांगते.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. एम.ए.च्या लघुप्रबंधाला विषय घेतला होता, प्राणायामाने मुलांची एकाग्रता वाढते का. एका शाळेत सातवीचे दोन वर्ग होते, एक सकाळपाळीचा, एक दुपारपाळीचा. सकाळच्यांना डिसेंबरभर रोज पंधरा मिनिटं प्राणायाम, दुपारच्यांना काही नाही. मोजायला अक्षरं खोडायची चाचणी: कागदभर अक्षरं छापलेली असतात, त्यातलं ठरावीक अक्षर दिसेल तिथे पेन्सिलीने काट मारत जायचं, घड्याळ लावून. सकाळच्या वर्गाची उत्तरचाचणी १२ जानेवारीला घेतली. दुपारच्या वर्गशिक्षिकेने त्या दिवशी तास दिला नाही, म्हणून तिथली घेतली १६ ला.

बडोद्यात राहिलेल्या माणसाला इथेच हसू फुटेल. १४ ला उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, १५ ला वासी उत्तरायण. दोन दिवस पोरं उजाडल्यापासून अगाशीवर (गच्चीवर), खाली यायचं ते उंधियू-जिलबीपुरतं, 'काय पो छे' ओरडून घसे बसलेले. १६ ला माझ्यापुढे बसलेल्या कितीतरी मुलांच्या बोटांना मांज्याने कापल्याच्या पट्ट्या होत्या, आणि त्याच बोटांत मी पेन्सिल दिली. निकाल अर्थातच झकास आला. मीही प्रबंधावर 'एक प्रायोगिक अभ्यास' असं ठसठशीत छापून घेतलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे तारखा वाचल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "हा परिणाम प्राणायामाचा, का पतंगाचा?"

दोन चाचण्यांच्या मधे बाहेर काहीतरी घडतं आणि त्याचं श्रेय किंवा खापर आपल्या उपचारावर, म्हणजे आपण जे करून पाहत असतो त्यावर येतं, याला पुस्तकात 'इतिहासाचा धोका' म्हणतात. मला तो पाठ होता. घरासमोर मांजा सुतणारे बसलेले रोज दिसत होते, तरी माझ्या आराखड्यात तो असेल हे डोक्यात आलं नाही. पण बाईंचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "ही मुलं सकाळपाळीत गेली कशी?" मी चौकशीच केली नव्हती. मग कळलं की सकाळपाळीला मागणी जास्त, प्रवेशाच्या दिवशी लवकर येऊन रांगेत उभे राहिलेल्या पालकांना ती मिळायची. म्हणजे मुलाच्या शाळेसाठी धडपडणारे आईबाप एका वर्गात गोळा झालेले, आणि मी मोजत होते एकाग्रता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच दुसऱ्या प्रश्नात आहे. प्रयोगशाळा, यंत्रं, नियंत्रित गट, यातलं काहीही असलं म्हणून आराखडा प्रायोगिक होत नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरलं असेल तर तो प्रायोगिक. उपचार आहे, तुलनेला गटही आहे, पण वाटणी वेळापत्रकाने, पालकांच्या धडपडीने किंवा मुलांच्या आवडीने झालीय, तर तो अर्धप्रायोगिक (काही पुस्तकांत प्रयोगसदृश). चिठ्ठीची ताकद अशी, की तुम्हाला सुचलेल्या फरकांबरोबर न सुचलेले फरकही ती दोन्हीकडे विखरून टाकते. झोप, घरची भांडणं, धडपडे आईबाप, सगळं. उरतो तो निव्वळ योगायोगाचा फरक, आणि तो किती असू शकतो याचा हिशेब संख्याशास्त्राला करता येतो. याचं श्रेय बहुतेकदा शेतीच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरना जातं. पण त्यांच्या कितीतरी आधी, १८८० च्या दशकात, चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनांमधला बारीक फरक माणसाला जाणवतो का हे तपासताना क्रम ठरवायला पत्ते पिसले होते. तेव्हा ही चाल मुळात मानसशास्त्रातली, आपल्याच घरातली.

एक गोंधळ इथेच मिटवते, कारण तोंडीला हमखास विचारतात. १२० मधून रँडम ३० उचलणं ही यादृच्छिक निवड. तिचा संबंध निष्कर्ष इतरांना लागू पडेल का याच्याशी. त्या ३० जणांची दोन गटांत चिठ्ठीने वाटणी ही यादृच्छिक विभागणी. आराखडा प्रायोगिक ठरतो तो दुसरीने. आणि मुलगे विरुद्ध मुली, शहरी विरुद्ध ग्रामीण अशा तुलनांत उपचारच नसतो, तिथे 'प्रयोग' हा शब्द काढूच नका.

अर्धप्रायोगिक म्हणजे दुय्यम दर्जाचं, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडचंच उदाहरण घ्या. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण एकदम सगळ्या संस्थानाला लावलं नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये राज्यभर नेलं. समजा कुणी शाळांचे जुने पट घेऊन बसलं, तर अमरेली हा उपचाराचा गट, सक्ती न पोचलेले तालुके तुलनेचा गट आणि १८९३ च्या आधीचे आकडे ही पूर्वचाचणी. पण अमरेलीचं नाव काही चिठ्ठीतून निघालं नव्हतं. तो काठियावाडातला मुलूख, बडोद्याच्या आसपासच्या तालुक्यांपेक्षा वेगळा. त्यामुळे नुसता १९०० सालचा पट शेजारी-शेजारी ठेवून काही कळणार नाही. अमरेलीतली वाढ बाकीच्यांच्या वाढीपेक्षा किती जास्त, हे बघायचं. त्याआधी, सक्ती येण्यापूर्वी दोन्हीकडचा कल सारखा होता का, हे तपासायचं. आणि मधे १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ बसलाय, तो दोन्हीकडे सारखाच बसला का? चिठ्ठीने जे आपोआप मिटलं असतं, ते इथे एकेक करून, पुराव्यानिशी मिटवावं लागतं. चांगला अर्धप्रायोगिक अभ्यास असा वकिली कष्टाचा असतो.

आता तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी खोट, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही सर्वांत जास्त गुणांचे ३० उचलताय. त्यातले काही कायमचे तणावग्रस्त असतील, पण काहींचा तो दिवसच वाईट असेल: आदल्या रात्री जागरण, नाहीतर बस चुकलेली. सहा आठवड्यांनी मोजाल तेव्हा या दुसऱ्या लोकांचे गुण आपोआप खाली येतील, तुम्ही ध्यान शिकवा नाहीतर लाडू खिलवा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत दाखवलेलं सरासरीकडे परतणं ते हेच. अमेरिकेत कनेटिकट राज्यात १९५५ मध्ये रस्त्यावर ३२४ माणसं मेली, वेगाने गाडी हाकणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू झाली आणि १९५६ मध्ये आकडा २८४ वर आला. गव्हर्नर खूश. कॅम्पबेल आणि रॉस यांनी १९६८ मध्ये मागच्या वर्षांचे आकडे रांगेत मांडले, तर १९५५ हे सालच मुळात असाधारण उंच निघालं. आकडा फार चढला म्हणून कारवाई झाली, आणि चढलेला आकडा एरवीही उतरलाच असता.

तेव्हा असं करा. तेच ३० घ्या, गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा आणि पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा १५ जोड्या पाडा. प्रत्येक जोडीत चिठ्ठी काढा. एक आत्ता ध्यान शिकेल, दुसरा प्रतीक्षा गटात. त्याला उत्तरचाचणी झाली की शिकवा, म्हणजे कुणावर अन्याय नाही. सरासरीकडे परतणं आता दोन्ही गटांत सारखं होईल, परीक्षा जवळ आल्याचा ताणही दोघांना सारखाच चढेल. उत्तरचाचणी दोघांची एकाच दिवशी, एकाच खोलीत. (तारीख ठरवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.) विश्लेषणात 'ध्यानगटात फरक लक्षणीय, दुसऱ्यात नाही, म्हणून ध्यान प्रभावी' असं लिहू नका. दोन्ही गटांतल्या बदलांची एकमेकांशी थेट तुलना करा. मधेच कुणी सोडून गेलं तर तेही गटवार नोंदवा, ध्यानाला कंटाळून सगळ्यात त्रासलेले पाच गेले तर उरलेल्यांची सरासरी फसवी सुधारते.

कॉलेजने वर्ग फोडायला नकार दिला तर दोन तुकड्या घ्या आणि सरळ 'अर्धप्रायोगिक' लिहा. कुठल्या तुकडीला ध्यान हे नाणं उडवून ठरवलंत तरी तो प्रयोग होत नाही; नाणं एकदाच उडालं, आणि तुकड्या आधीपासून वेगळ्या होत्या त्या तशाच राहिल्या. दुसरी तुकडीही मिळाली नाही, तर ध्यानाच्या आधी आणि नंतर बरेच आठवडे दर आठवड्याला मोजत राहा, निदान कल तरी दिसेल.

आणि चिठ्ठ्या स्वतः काढू नका. पहिल्या बाकावरची उत्साही मुलगी ध्यानगटातच यावी असं तुम्हाला वाटणार, मलाही वाटलं असतं. विषयाशी संबंध नसलेल्या कुणाकडून तरी काढून घ्या, यादीवर तारीख घालून त्यांची सही घ्या आणि ती परिशिष्टात लावा. आमच्या बाईंसारखं कुणी आलं तर सगळ्यात आधी तेच पान उघडतील.