आधी गल्ला, मग पंच

प्रश्न : मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरवर आहे. पगार तासावर. शिफ्ट रात्री नऊला संपते. मॅनेजर नऊच्या ठोक्याला पंच-आउट करायला लावतात आणि त्यानंतर गल्ला मोजणं, ट्रायल रूममधले कपडे जागेवर लावणं, शेवटी दारात बॅग तपासणी. बाहेर पडेपर्यंत साडेनऊ होतात. या अर्ध्या तासाचा एक पैसा मिळत नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस मी नऊला सरळ निघून गेले. त्यातल्या दुसऱ्या दिवशी रांगेत तीन गिऱ्हाइकं होती. आता ‘काम अर्धवट सोडून गेल्याबद्दल’ मेमो आलाय, तीन दिवसांत खुलासा मागितलाय. वेळ संपल्यावर निघायचा मला हक्क नाही का?

उत्तर : हक्क आहे. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि मेमो नेमका त्या गाठीवर बोट ठेवून आलाय. नऊनंतर फुकट काम करायचं का? नाही. नऊ वाजले म्हणून रांग तशीच टाकून निघायचं का? तेही नाही. पहिल्या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे, दुसऱ्यावर लंगडी.

कामाचा वेळ कुठे संपतो हे पंचिंग मशीन ठरवत नाही. दुकानं आणि कचेऱ्यांतल्या कामाच्या तासांबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा करार आहे. त्याच्या व्याख्येचा अर्थ सरळ आहे : नोकर मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा काळ कामाचा. देशोदेशी शब्द बदलतात, जादा कामाचा दर कुठे दीडपट तर कुठे दुप्पट असतो, पण वाद शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबतो. नऊ वीसला तुम्ही नोटांच्या गड्ड्या बांधत असता तेव्हा कोणाच्या दिमतीला असता? पंच झाला म्हणून गल्ला मोजणं हा तुमचा छंद ठरत नाही.

‘चार-दहा मिनिटांचं काय एवढं घेऊन बसलात’ हे तुम्हाला ऐकवलं जाईलच. या युक्तिवादाचं मूळ अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1946 च्या एका निवाड्यात आहे. मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं प्रकरण होतं. काही सेकंद, काही मिनिटं हिशेबात धरली नाहीत तरी चालतील, असं न्यायालय म्हणालं. मालकांचे वकील हे वाक्य आवडीने वाचतात आणि त्याच निवाड्यातलं दुसरं गाळतात : मालकाने वेळेची नीट नोंद ठेवली नसेल, तर कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा द्यावा, तो खोडून काढायचं काम मालकाचं.

तुमच्या प्रकरणाच्या जास्त जवळ जातो तो 2018 चा निकाल, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, स्टारबक्सच्या एका शिफ्ट सुपरवायझरच्या दाव्यातला. पंच-आउट झाल्यावर तो दिवसाचा हिशेब संगणकावरून पाठवायचा, अलार्म लावायचा, कुलूप घालायचा, सहकाऱ्यांना गाडीपर्यंत सोडायचा. रोजची 4 ते 10 मिनिटं. सतरा महिन्यांत ती 12 तास 50 मिनिटं भरली आणि पैशांत 102 डॉलर 67 सेंट. रोज नेमाने करून घेतलेलं काम किरकोळ म्हणून सोडता येणार नाही, असं न्यायालयाने त्या राज्याच्या कायद्यानुसार ठरवलं. एवढ्या पैशांत आठवड्याचं वाणसामान येतं, हेही निकालात लिहिलं. तुमचा तर रोजचा अर्धा तास आहे.

बॅग तपासणीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. गोदामातल्या सुरक्षा तपासणीच्या रांगेतला वेळ पगारी नाही, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने 2020 मध्ये अॅपलच्या दुकानांतल्या बॅग तपासणीबद्दल बरोबर उलट निकाल दिला. तेव्हा दावा गल्ल्यावर उभा करा, तपासणी मागून जोडा.

आता तुमची चूक. नियमांच्या मर्यादेत जादा वेळ थांबायला सांगणं हा मालकाचा अधिकार आहे, फुकट थांबवणं हा नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना वरिष्ठांना सांगून, काउंटर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन निघणं वेगळं आणि पाठ फिरवणं वेगळं. खरं सांगायचं तर मला मेमोपेक्षा गल्ल्याची धास्ती वाटते. तो तुमच्या नावावर उघडलेला असतो. त्या रात्री पाचशेची तूट निघाली असती तर ‘मोजायला थांबलीच नाही’ एवढं एक वाक्य तुमच्यावर शेकलं असतं.

म्हणून उद्यापासून क्रम उलटा करा. आधी गल्ला, मग पंच. संध्याकाळीच मॅनेजरना साधा मेसेज टाका : ‘सर, गल्ला मोजून साधारण नऊ पंचवीसला पंच करते.’ ‘नऊलाच कर’ असं उत्तर आलं तर तेच तुमच्या कामाचा कागद. नऊला पंच करायला लावून पुन्हा काम सांगितलं, तर ‘परत पंच-इन करते’ म्हणा, आवाज न चढवता. ते करू दिलं नाही तर गल्ला मोजून त्यांच्या ताब्यात द्या, सही घ्या आणि निघा.

पुरावा तुमच्या हाताखालून रोज जातोय. दिवसअखेरच्या रिपोर्टवर वेळ आणि कॅशिअर कोड छापलेला असेल, बघा. पंच नऊचा आणि तुमच्या कोडवरचा रिपोर्ट नऊ बावीसचा, याला काय उत्तर देणार ते? पण ती चिठ्ठी घरी नेऊ नका, फोटोही काढू नका. चोरीचा नाहीतर गोपनीयता मोडल्याचा आरोप ओढवून घ्याल. तारीख, वेळ आणि रिपोर्ट क्रमांक त्याच रात्री स्वतःच्या वहीत लिहा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी विनंती खुलाशासोबतच द्या.

खुलाशात भांडू नका आणि भरमसाट माफीही मागू नका. इतकं पुरे : ‘माझी शिफ्ट नऊला संपते आणि नऊला पंच करण्याच्या सूचना आहेत. त्यानंतरच्या कामाचा मोबदला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी काउंटर दुसऱ्याकडे सोपवून निघायला हवं होतं, हे मान्य. यापुढे काम संपल्यावर पंच करीन, त्याप्रमाणे वेतन मिळावं.’ ‘नऊनंतर विनामोबदला थांबायला माझी हरकत नाही’ अशा अर्थाचं तयार पत्र पुढे केलं तर सही करू नका. बऱ्याच ठिकाणी अशी कबुली कायद्यापुढे टिकत नाही, पण ती खोडण्यात तुमचेच महिने जातील.

थकलेल्या पैशांच्या दाव्याला मुदत असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ती दोन वर्षं आहे, जाणूनबुजून नियम मोडला असेल तर तीन. तुमच्याकडची मुदत कामगार कार्यालयात याच आठवड्यात विचारून घ्या. आणि खुलाशाच्या दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय दुसरी हातातून सोडू नका.