मांडीत गुडघा बसलाय ना, मग तेलाची बाटली आत्ता बाजूला ठेवा

भावा, तुझा प्रश्न असा: धाकट्याला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना समोरच्याचा गुडघा मांडीत पुढून बसला. आज तिसरा दिवस. तालमीत वस्ताद गरम तेलानं रगडायला सांगतायत, मित्र म्हणतो कायरोप्रॅक्टरकडून (हातानं मणके-सांध्यांना झटका देऊन उपचार करणारा) कंबर 'सेट' करून घे.

दोन्ही नको. तेल तर अजिबातच नको.

अशा मारात मांडीचा पुढचा स्नायू हाडावर चेपतो आणि आत रक्त साकळतं. सुरुवातीच्या दिवसांत शेक, रगडणं किंवा जोराचा ताण दिला की रक्तस्राव वाढतो. काही जणांच्या तर त्या स्नायूत चक्क हाड धरायला लागतं. एक्स-रेत ते दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर 'गाठ फोडायची' म्हणून आणखी रगडलं जातं. घोळ होतो तो इथंच.

मार बसल्या बसल्या गुडघा सोसेल तितका, जवळजवळ 120 अंश, वाकवून क्रेप बँडेजनं बांधायचा असतो. ती वेळ गेली. आता ओल्या फडक्यात बर्फ, 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप गुडघ्यापासून वर जांघेकडं गुंडाळा. पायाला मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. रोज पालथं झोपवून टाच ढुंगणाकडं किती येते ते बघा. गुडघा 90 अंशही वाकत नसेल तर मार मोठा आहे, ऑर्थोपेडिकला दाखवा. मांडी दगडासारखी घट्ट होत गेली, गोळीनं कळ थांबेना, पाऊल बधिर पडलं, तर सकाळची वाट बघू नका, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा सरकारी दवाखाना, गाठा.

दुखेल तिथं थांबत हळूहळू गुडघा वाकवणं आता सुरू करायचं. दोन्ही टाचा ढुंगणाला सारख्या टेकल्या आणि बैठका न दुखता निघाल्या की मगच पळणं.

पैलवान मेहनतीनंतर मालिश करतात ते धडधाकट, थकलेल्या अंगाला. त्यानं अंगदुखी थोडी हलकी होते, इतकंच. दुखापत टळत नाही. ती टाळायची तर 'फिफा 11+' हा फुटबॉलवाल्यांसाठी बनवलेला वॉर्म-अप, 20 मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. कंटाळवाणा आहे, म्हणून कोण करत नाही.

कायरोप्रॅक्टिक 1895 साली अमेरिकेत पामर यांनी सुरू केलं, भर मणक्यावर. साध्या कंबरदुखीत व्यायामाइतपत आराम मिळू शकतो. झटका देताना येणारा 'कट्' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होण्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. मांडीच्या माराशी त्याचा संबंधच नाही.

हे वाचणाऱ्या पैलवानांसाठी: कुस्तीत मान मुरगळून हाताला मुंग्या येत असतील तर कुणालाही मानेला झटका देऊ देऊ नका, मग तो कायरोप्रॅक्टर असो, हाडवैद्य असो की केस कापणारा. क्वचित मानेतली रक्तवाहिनी आतून फाटते आणि पक्षाघात होतो.