गच्चीचा पाइप काढून पावसाची साखळी लावावी का?

बडोद्यात वाडीत तुमचं जुनं घर आहे, भिंतीवरचे पीव्हीसी पाइप डोळ्यांना खुपतात, म्हणून त्यांच्या जागी तांब्याची शोभेची साखळी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पोर्चला खुशाल लावा. गच्चीला मात्र नको.

जपानात देवळांच्या, घरांच्या वळचणीला अशा साखळ्या पूर्वापार आहेत, कुसारी-दोई म्हणतात त्यांना. पाणी धातूला धरून खाली उतरतं, पण धार बेताची असेल तोवरच. आता आपला हिशेब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला 50 मिमीच्या वेगाने सर आली, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून मिनिटाला 77 लिटर येतं, म्हणजे पाचेक बादल्या. दहा बाय दहाच्या पोर्चवरून जेमतेम आठ लिटर. 2019 साली 31 जुलैला इथे एका दिवसात वीस इंचांच्या आसपास कोसळला होता, आठवत असेलच. त्या दिवशी आमचे चार इंची पाइपसुद्धा तुडुंब वाहत होते.

आमच्या पोर्चला साखळी आहे, त्यावरून एक सांगतो. आपल्याकडे स्लॅबची पन्हळ आडवी बाहेर आलेली असते. तिच्यातून पाणी झेप घेऊन पुढे पडतं आणि साखळी मागे कोरडीच लटकत राहते! म्हणून पन्हळीच्या तोंडाला खाली वळणारा एल्बो बसवायचा, त्यात स्टीलची सळई आडवी घालायची आणि साखळी तिला अडकवायची. प्लंबर म्हणेल, कशाला हा उद्योग. म्हणू दे.

नुसत्या कड्यांच्या साखळीपेक्षा बिनबुडाच्या वाट्यांची घ्या, शिंतोडे कमी उडतात. खालचं टोक मोकळं ठेवू नका, वाऱ्याने साखळी भिंतीवर आपटते. आम्ही ते घंगाळात दगडाला बांधलंय. घंगाळातलं जादा पाणी मात्र जोत्यापासून लांब काढा, नाहीतर जुन्या विटांच्या भिंतीला ओल धरलीच म्हणून समजा.

तांब्याची हौस असेल तर आतल्या चौकात करा. रस्त्याकडे ॲल्युमिनियमची बरी, तांबं कोणीतरी उतरवून नेईल. तुमच्याकडे माकडं येत असतील तर वरचा हूक उघडा न घेता बंद कडीचा घ्या.