डेरिनकुयू कोणी खोदलं?

प्रश्न: तुर्कस्तानातलं डेरिनकुयू हे जमिनीखालचं शहर परग्रहवासीयांनी बांधलं असं एका व्हिडिओत बघितलं, खरं आहे का?

उत्तर: नाही हो, माणसांनीच खोदलंय! तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा, इतका मऊ की साध्या छिन्नीनेही कोरता येतो, म्हणून तर सुमारे ८५ मीटर खोल जाता आलं. मला सगळ्यात भारी वाटतात ती दारं, जात्याच्या पाळीसारखे अवजड गोल दगड, मधोमध भोक, आणि बंद करायचे ते आतूनच. शत्रू आला की लोक गुराढोरांसकट खाली. सुरुवात बहुधा फ्रिजियन या तिथल्या प्राचीन लोकांची, पण कोरलेल्या दगडाचं वय काढणं अवघड म्हणून वाद आहे, पुढे बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात ख्रिश्चनांनी ते बरंच वाढवलं.