कारमधला जुना मोनोब्लॉक अ‍ॅम्प्लिफायर सांगलीत कितीला आणि कसा विकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोनोब्लॉक, म्हणजे फक्त वूफरसाठीच्या एका चॅनेलच्या अ‍ॅम्पवर '३००० वॉट' छापलंय, फ्यूज ४० अँपिअरचे दोन आहेत, बिल आहे, खोका नाही, आणि दुकानदार फारच कमी देतोय.

पहिलं काम म्हणजे जाहिरातीत ३००० लिहू नका. तो पीक, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या ताकदीचा आकडा आहे, आणि ज्याला खरंच मोठा अ‍ॅम्प हवाय तो आधी फ्यूज बघतो. ४० चे दोन म्हणजे ८० अँपिअर. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तर आत जाणारी पॉवर ११५२ वॉट. क्लास डी (कमी गरम होणाऱ्या रचनेचा) अ‍ॅम्प त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास वूफरला देतो, म्हणजे साधारण ९०० वॉट आरएमएस (सतत मिळणारी ताकद). क्लास एबी (जास्त गरम होणारी जुनी रचना) असेल तर सहाशेच्या आसपासच. मॅन्युअलमधला आरएमएस आकडा ओहमसकट (ओहम म्हणजे वूफरच्या कॉइलच्या रोधाचं माप) लिहा, शिवाय 'किमान १ ओहम' की '२ ओहम' हेही लिहा. गिऱ्हाईकाचा वूफर त्यावर चालेल की नाही ते यावरूनच ठरतं. ४+४ ओहमच्या डबल कॉइलचा वूफर पॅरलल जोडला की २ ओहम होतो. तसे दोन जोडले की १. २ ओहमच्या अ‍ॅम्पवर १ ओहम लावला की अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो) नाहीतर आउटपुटचे मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) उडतात, आणि तक्रारीचा फोन तुम्हाला येतो.

अ‍ॅम्प अजून गाडीतच असेल तर काढायच्या आधी दाखवा. इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं वाजवलेला अ‍ॅम्प आणि टेबलावर ठेवलेला अ‍ॅम्प यांच्या किमतीत मोठा फरक पडतो, कारण गरम झाल्यावर बंद पडणारा अ‍ॅम्प दोन मिनिटांत कळत नाही. काढताना बॅटरीची मायनस आधी सोडा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. बॅटरीजवळचा मेन फ्यूजही काढून घ्या. अ‍ॅम्प काढला आणि जाड केबलचं उघडं टोक कार्पेटखाली तसंच राहिलं तर गाडी पेटू शकते.

अ‍ॅम्प आधीच काढलेला असेल तर घरी तपासायची सोपी रीत आहे. १२ व्होल्टची गाडीची बॅटरी घ्या, मोबाइल चार्जरसारखा अ‍ॅडॉप्टर नको. प्लसच्या वायरमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सिरीजला लावा, रिमोट (अ‍ॅम्प चालू करणाऱ्या बारीक वायरचं टर्मिनल) मोकळा ठेवा. बल्ब क्षणभर पेटून विझला तर आतले कपॅसिटर चार्ज झाले, सप्लाय शॉर्ट नाही. भक्क पेटलेलाच राहिला तर पुढे जाऊ नका, बहुतेक सप्लायचे मॉसफेट गेलेत. ठीक असेल तर बल्ब तसाच ठेवून त्याला समांतर १० अँपिअरच्या फ्यूजची वायर जोडा, मग रिमोटला प्लस द्या. एवढ्यावर कमी आवाजात वूफर आरामात वाजतो. प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर स्पीकरच्या वायरी आणि आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी केबल) काढून परत चालू करा. दिवा गेला तर दोष बाहेर आहे, बहुतेक वायर किंवा कॉइल शॉर्ट. तरीही राहिला तर दोष बोर्डात. तसं असेल तर 'प्रोटेक्टमध्ये जातो' असं सरळ लिहून रिपेअरवाल्याला विका. चालू म्हणून विकलेला बंद अ‍ॅम्प हमखास परत येतो.

आपल्याकडे एक प्रश्न नक्की विचारतील: गाडी पुरात होती का? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी पार्क केलेल्या गाड्यांत शिरलं, आणि अ‍ॅम्प असतो सीटखाली नाहीतर डिकीत. म्हणून खालची प्लेट उघडून बोर्डाचा स्वच्छ फोटो काढा. टर्मिनलवर हिरवट गंज, स्क्रूच्या खाचेत गाळ, कपॅसिटरची टोपी फुगलेली, एका ओळीत वेगवेगळ्या छापाचे मॉसफेट, सोल्डरभोवती चिकट फ्लक्स (रिपेअरच्या खुणा): माहितगार माणूस एवढंच बघतो. यातलं काही नसेल तर हा एक फोटो दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

किंमत ठरवताना तुम्ही तेव्हा काय भरलंत ते विसरा, तेच मॉडेल आज नवं कितीला मिळतं ते बघा. चालू मॉडेल, बिल आणि डेमो असेल तर निम्म्यापासून सुरू करून ४० टक्क्यांपर्यंत यायला हरकत नाही. मॉडेल बंद झालं असेल तर तिसरा हिस्सा. दुकानदार कमी देतो कारण त्याला ते महिनोन्‌महिने ठेवावं लागतं आणि बिघडलं तर तोंड द्यावं लागतं. त्यात त्याची चूक नाही. गणपतीच्या आधीचा महिना आणि उसाचं गाळप सुरू व्हायची वेळ हे दोन मोसम चांगले. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांकडून मागणी येते, पण ९०० वॉट पूर्ण ताकदीने चालवायला ट्रॅक्टरचा अल्टरनेटर पुरत नाही, हे त्यांना आधीच सांगा. मोठा ट्रक बहुतेक २४ व्होल्टचा असतो, त्यावर हा अ‍ॅम्प थेट लावला तर जळू शकतो.

भेट दिवसा, विश्रामबाग किंवा मिरज स्टँडसारख्या वर्दळीच्या जागी ठेवा. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे आले की आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. बिलाची मूळ प्रत द्या, आणि सीरियल नंबर, तारीख, 'डेमो पाहून घेतला' एवढं लिहून त्याची सही घ्या.